रिग्रेशनमध्ये इंटरॅक्शन टाकलं की चिन्हं उलटी होतात आणि पी व्हॅल्यू उडते: आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

"ताई, काल सगळं सिग्निफिकंट होतं, आज इंटरॅक्शन टाकलं आणि सगळं गेलं." जानेवारी ते एप्रिल, म्हणजे पुण्यात सबमिशनचे दिवस सुरू झाले की हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. मी एमए, एमबीए आणि पीएचडीवाल्यांच्या डेटाला बरीच वर्षं मदत करतेय आणि हा एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता एकदाचं सगळं नीट लिहून ठेवते. विषय असा: रिग्रेशन, म्हणजे काही गोष्टींवरून एका आकड्याचा अंदाज बांधणारं रेषेचं मॉडेल, आणि त्यात एक आकड्यातला व्हेरिएबल (क्षेत्रफळ, वय, अंतर, अनुभवाची वर्षं), एक गटांचा व्हेरिएबल (भाग, शाखा, माध्यम, लिंग), आणि दोघांचं इंटरॅक्शन, म्हणजे आकड्याचा परिणाम गटागटाने वेगळा असू शकतो असं मॉडेलला सांगणारी टर्म. बहुतेक वेळा मॉडेल बरोबर असतं, आपण ते चुकीच्या जागी उभं राहून वाचत असतो. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही, म्हणून तपासण्या क्रमाने करा, फुकटच्या आधी, डोकेदुखीच्या नंतर.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा. इंटरॅक्शनशिवाय ज्या गटाचा कोएफिशियंट (आउटपुटमध्ये त्याच्यासमोर येणारा आकडा) प्लस होता तो इंटरॅक्शन टाकल्यावर मायनस झाला. किंवा तीन स्टार (पी व्हॅल्यू फार लहान, म्हणजे परिणाम नुसता योगायोग वाटत नाही, यालाच सिग्निफिकंट म्हणतात) होते ते सगळे गेले आणि स्टँडर्ड एरर (त्या आकड्यातली अनिश्चितता) चौपट झाली. व्हीआयएफ (व्हेरिएबल एकमेकांत किती गुंतलेत याचं माप) एकदम वीस-तीसच्या वर गेला आणि कोणीतरी सांगितलं की मल्टीकोलिनिऍरिटी, म्हणजे तेच गुंतणं, आहे, टर्म काढून टाक. तुमचं आणि मैत्रिणीचं, डेटा तोच, मॉडेल तेच, आर स्क्वेअरसुद्धा (मॉडेल डेटाला किती जुळतं त्याचं माप) तोच, पण कोएफिशियंट वेगळे. एका गटात स्लोप (आकडा एकने वाढला की उत्तर किती बदलतं ते) सिग्निफिकंट, दुसऱ्यात नाही, आणि तेवढ्यावरून तुम्ही "दोन गटांत फरक आहे" असं थिसिसमध्ये लिहून मोकळे झालात. किंवा आउटपुट सहा ओळींचं यायला हवं तिथे दीडशे ओळींचं आलं.

सगळीकडे एकच उदाहरण वापरते. मागे एक मुलगी घरभाड्याचा डेटा घेऊन आली होती. तीन भाग, हडपसर, कल्याणीनगर, कोथरूड, आणि प्रत्येक फ्लॅटचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, महिन्याचं भाडं रुपयांत. खालचे आकडे मी समजायला सोपे पडावेत म्हणून गोल करून घेतलेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. आउटपुट असं होतं:

इंटरसेप्ट (रेषा जिथून सुरू होते तो आकडा): ३०००
क्षेत्रफळ: १८
कल्याणीनगर: −६०००
कोथरूड: १०००
क्षेत्रफळ × कल्याणीनगर: २२
क्षेत्रफळ × कोथरूड: ७

आणि तिने रिझल्ट्सच्या चॅप्टरमध्ये लिहिलं होतं, "कल्याणीनगरमध्ये भाडं हडपसरपेक्षा सहा हजारांनी कमी आढळलं." पुण्यात घर शोधलेला कोणीही हे वाचून थांबेल. ती पण थांबली होती, तिला कळत होतं की काहीतरी चुकतंय, पण आकडा समोर दिसत होता ना, मग लिहिलं. या एका वाक्याकडे आपण परत येऊ.

पहिली तपासणी, पाच मिनिटांची: नावं एकसारखी आहेत का

मॉडेलला हात लावायच्या आधी फक्त गटांची यादी काढा, प्रत्येक गटात किती ओळी आहेत ते बघा. गूगल फॉर्मवरून आलेल्या मराठी डेटात हमखास होतं असं की कोणी कोथरूड लिहितं, कोणी कोथरुड, कोणी शेवटी एक स्पेस सोडतं, कोणी कल्याणीनगर जोडून लिहितं तर कोणी कल्याणी नगर तोडून. तुम्हाला ते एकच वाटतं, सॉफ्टवेअरला ते वेगळे गट वाटतात आणि प्रत्येकाला आपापला स्लोप मिळतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका चुकीने कोथरूडचे दोन गट झाले, एकात ६० फ्लॅट, एकात ४, आणि त्या चार फ्लॅटचा स्लोप आकाशाला भिडलेला, असं मी स्वतः बघितलंय. त्या मुलाने त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता की काही घरमालक फुटामागे फार जास्त भाडं घेतात.

याच यादीत अजून एक गोष्ट बघून घ्या, कुठल्या गटात दहा-बारापेक्षा कमी ओळी आहेत का. असतील तर त्या गटाचा स्लोप म्हणजे जवळजवळ अंदाज, एक विचित्र फ्लॅट ती सगळी रेषा ओढून नेतो.

दुसरी: कोण आकडा आहे आणि कोण गट

हीसुद्धा फुकट. दोन्ही बाजूंनी चूक होते. एक म्हणजे गटाला १, २, ३ असे कोड दिले आणि तेच कोड तसेच्या तसे रिग्रेशनमध्ये घातले. एसपीएसएस या सॉफ्टवेअरच्या साध्या लिनिअर रिग्रेशनच्या खिडकीत किंवा एक्सेलमध्ये हे सगळ्यात जास्त होतं, कारण ते स्वतःहून डमी (प्रत्येक गटासाठी ०/१ चा कॉलम) बनवत नाहीत. मग सॉफ्टवेअर समजतं की हडपसर १, कल्याणीनगर २, कोथरूड ३, म्हणजे कोथरूड हे हडपसरच्या तिप्पट काहीतरी आहे. ओळखायचं कसं, तर भाग तीन आहेत आणि आउटपुटमध्ये भागाची एकच ओळ आहे. तीन गट असतील तर गटाच्या दोन ओळी यायला हव्यात आणि इंटरॅक्शनच्या दोन.

दुसरी बाजू उलटी. क्षेत्रफळाच्या कॉलममध्ये कोणी "६५० फूट" लिहिलंय, कोणी "६५०-७००", कोणी देवनागरी आकडे टाकलेत. आर नावाचं सॉफ्टवेअर अशा कॉलमला मजकूर समजतं आणि मग प्रत्येक वेगळं क्षेत्रफळ हा एक गट होतो. दीडशे ओळींचं आउटपुट येतं ते यामुळे. आकडे साफ करा, कॉलम नंबर करा, परत चालवा, निम्मे फोन इथेच संपतात.

तिसरी: रेफरन्स गट कुठला आहे

इथून पुढे वाचायची चूक सुरू होते. इंटरॅक्शन असलेल्या मॉडेलमध्ये क्षेत्रफळासमोरचा १८ हा सगळ्या पुण्याचा सरासरी स्लोप नाहीये. तो फक्त रेफरन्स गटाचा (बाकी गटांची तुलना ज्याच्याशी होते तो, आउटपुटमध्ये त्याची वेगळी ओळ नसते), म्हणजे इथे हडपसरचा. हडपसरमध्ये एक चौरस फूट वाढला की भाडं १८ रुपयांनी वाढतं. कल्याणीनगरमध्ये किती, तर १८ + २२ = ४०. कोथरूडमध्ये १८ + ७ = २५. इंटरॅक्शनच्या ओळीतला २२ हा कल्याणीनगरचा स्लोप नाही, तो हडपसरच्या स्लोपपेक्षा किती जास्त तेवढा फरक. हे मी दर वेळी कागदावर लिहून देते कारण तोंडी सांगितलं की परत विसरलं जातं.

आता रेफरन्स कोण ठरवतं? तुम्ही नाही ठरवला तर सॉफ्टवेअर ठरवतं आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. आर नावांच्या क्रमाने पहिला गट घेतं. स्टेटा सगळ्यात लहान कोडचा घेतं. एसपीएसएसचं जनरल लिनिअर मॉडेल शेवटचा घेतं. म्हणून तुमचे आणि मैत्रिणीचे आकडे जुळत नाहीत, दोघींचंही बरोबर असतं. आपल्याकडे यात अजून एक गंमतशीर अडचण आहे, भागांची नावं रोमन लिपीत टाइप केली तर एच आधी येतो म्हणून हडपसर रेफरन्स होतं, आणि तीच नावं देवनागरीत टाइप केली तर क आधी आणि ह पार शेवटी, म्हणून कल्याणीनगर रेफरन्स होतं. डेटा तोच, फक्त लिपी बदलली आणि सगळे कोएफिशियंट बदलले. त्या मुलीने एकदा गाइडला दाखवायला नावं मराठीत केली आणि रात्रभर झोपली नाही.

उपाय सोपा, रेफरन्स स्वतः सांगा आणि टेबलाखाली लिहा. आरमध्ये रीलेव्हल नावाचं फंक्शन आहे, एका ओळीचं काम. कुठला निवडायचा, तर ज्याच्याशी तुलना करायला अर्थ आहे आणि ज्यात पुरेशा ओळी आहेत तो. नऊ फ्लॅटवाला गट रेफरन्स ठेवलात तर बाकी सगळ्यांची तुलना त्या डळमळीत नऊ फ्लॅटशी होईल.

चौथी, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच असते: शून्य म्हणजे काय

आता त्या सहा हजारांकडे येऊ. कल्याणीनगर −६००० याचा अर्थ "कल्याणीनगर सहा हजारांनी स्वस्त" असा नाही. त्याचा अर्थ, क्षेत्रफळ शून्य असताना कल्याणीनगर सहा हजारांनी स्वस्त. शून्य चौरस फुटांचा फ्लॅट. इंटरॅक्शन नसताना दोन भागांच्या रेषा समांतर असतात, अंतर सगळीकडे सारखं, त्यामुळे कुठेही मोजा उत्तर एकच. इंटरॅक्शन टाकलं की रेषा समांतर राहत नाहीत, मग "दोन भागांत किती फरक" या प्रश्नाला एकच उत्तर राहतच नाही, कुठे मोजताय त्यावर ते ठरतं, आणि सॉफ्टवेअर ते मोजतं शून्यावर कारण त्याला दुसरं काही सांगितलेलं नसतं.

तिला हे बोलून पटत नव्हतं. माझ्याकडे अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या आलेखाच्या कागदांचा गठ्ठा असतो, त्यातला एक काढला, आडवं क्षेत्रफळ, उभं भाडं, आणि तिलाच पट्टी-पेन्सिल दिली. हडपसरची रेषा ३००० पासून निघाली. कल्याणीनगरची सुरुवात काढायला तिने ३००० मधून ६००० वजा केले आणि पेन्सिल कागदावर टेकवायला जागाच मिळेना, कारण उणे ३००० येत होतं, आडव्या रेषेच्या खाली. उणे तीन हजार भाडं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पण असं घरच नाहीये." बरोबर, तिच्या डेटातला सगळ्यात छोटा फ्लॅट ३५० फुटांचा होता. मग तिने ६०० वर उभी रेघ मारली. हडपसर ३००० + १८ × ६०० = १३,८००. कल्याणीनगर −३००० + ४० × ६०० = २१,०००. फरक ७२००, कल्याणीनगर महाग. १००० फुटांवर तोच फरक १६,०००. दोन रेषा एकमेकींना छेदतात ते साधारण २७३ फुटांवर, आणि तिथे एकही फ्लॅट नाही. म्हणजे डेटा जिथे आहे तिथे सगळीकडे कल्याणीनगर महागच आहे, स्वस्त आहे ते फक्त कागदाच्या त्या कोपऱ्यात जिथे घरं नाहीत. तिने चॅप्टरमधलं ते वाक्य तिथेच खोडलं.

पी व्हॅल्यू उडते तीही इथेच. शून्यावरचा फरक हा डेटापासून लांबचा अंदाज आहे, तिथे रेषा हलायला खूप जागा असते म्हणून स्टँडर्ड एरर मोठी येते. भागांमधला फरक नाहीसा झालेला नसतो, तुम्ही तो जिथे काहीच माहिती नाही तिथे मोजताय.

उपाय सेंटरिंग. क्षेत्रफळातून सरासरी वजा करा, किंवा माझ्या मते त्याहून बरं, अर्थ असलेला एखादा गोल आकडा वजा करा, इथे ६००. नवीन कॉलम बनवा आणि त्यानेच मॉडेल परत चालवा. आता कल्याणीनगरसमोर ७२०० येईल, इंटरसेप्ट १३,८०० होईल, म्हणजे हडपसरमधला ६०० फुटांचा फ्लॅट. इंटरॅक्शनचा २२ तसाच, त्याची स्टँडर्ड एरर तशीच, पी व्हॅल्यू तशीच, आर स्क्वेअर तसाच, प्रत्येक फ्लॅटचा अंदाज तसाच. काहीही बदललं नाही, फक्त मोजायची जागा बदलली. व्हीआयएफसुद्धा खाली येतो, आणि त्यावरूनच कळतं की ती मल्टीकोलिनिऍरिटी घाबरण्यासारखी नव्हती, ती शून्याच्या जागेमुळे तयार झाली होती. व्हीआयएफ बघून इंटरॅक्शन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर आधी सेंटर करून बघा, मग ठरवा.

वय असेल तर शून्य वय, अनुभव असेल तर शून्य वर्षं. अनुभवाच्या बाबतीत शून्याला अर्थ असतो, फ्रेशर. तिथे सेंटर नाही केलं तरी चालेल, फक्त वाक्यात "फ्रेशर असताना" हे लिहा.

पाचवी: मॉडेलमध्ये सगळ्या टर्म आहेत का

आरमध्ये चांदणीचं चिन्ह वापरलं तर दोन्ही मुख्य टर्म (क्षेत्रफळ आणि भाग) आणि इंटरॅक्शन तिन्ही येतात, आणि विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह वापरलं तर फक्त इंटरॅक्शन. हे चिन्ह चुकलं की मॉडेलच वेगळं होतं. नुसतं क्षेत्रफळ : भाग लिहिलंत तर तिन्ही भागांच्या रेषा शून्यावर एकाच बिंदूतून निघायची सक्ती होते, आणि आत्ताच बघितलं की शून्यावर काय परिस्थिती आहे. स्लोप सगळे वाकडे होतात. आणि भाग + भाग : क्षेत्रफळ असं लिहिलंत तर मॉडेल बरोबर आहे, पण इंटरॅक्शनच्या ओळी दोनऐवजी तीन येतात आणि त्यात फरक नसून प्रत्येक भागाचा स्वतःचा स्लोप असतो, १८, ४०, २५. त्यांच्यासमोरचे स्टार "हा स्लोप शून्य आहे का" हे सांगतात, "भागांत फरक आहे का" हे नाही. म्हणून ओळी मोजा. तीन गट, दोन इंटरॅक्शन ओळी, तर ते फरक. तीन ओळी, तर ते स्लोप.

"मुख्य टर्म सिग्निफिकंट नाही म्हणून काढून टाकली" हे पण ऐकते. इंटरॅक्शन ठेवून मुख्य टर्म काढू नका, तिची पी व्हॅल्यू शून्यावरची आहे, शून्य हलवला की ती बदलते.

सहावी: ग्राफ काढा

हे खरं तर पहिलं करायला हवं पण कोणी करत नाही. कच्चे बिंदू, प्रत्येक भागाला वेगळा रंग, वर तीन रेषा आणि त्यांच्या भोवती कॉन्फिडन्सचा पट्टा (खरी रेषा साधारण जिथे असू शकते ती जागा), आणि रेषा त्या त्या भागाचा डेटा संपतो तिथेच थांबवा, पुढे ओढू नका. थिसिसमध्ये टेबलापेक्षा हा ग्राफ जास्त कामाचा, व्हायवाला तर नक्कीच. आणि त्याखाली दोन-तीन ठरावीक क्षेत्रफळांवरचा फरक लिहा, ४५०, ६००, ९००, प्रत्येकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण किती ते किती असू शकतो ते) घेऊन. कुठल्या क्षेत्रफळापासून पुढे फरक नक्की म्हणता येतो हे काढायची पद्धत १९३६ मध्ये जॉन्सन आणि नेमन यांनी मांडली, आज ती आरमध्ये तयार मिळते, पण ते नंतर, आधी डोळ्यांनी बघा.

सातवी: गटाच्या स्लोपची स्टँडर्ड एरर

कल्याणीनगरचा स्लोप ४० हे बेरजेने मिळालं. त्याची स्टँडर्ड एरर बेरजेने मिळत नाही. दोन्ही आकड्यांचे व्हेरिअन्स (स्टँडर्ड एररचे वर्ग) आणि वर त्यांच्या कोव्हेरिअन्सची (ते दोन आकडे एकत्र कसे हलतात त्याचं माप) दुप्पट असं धरावं लागतं, आणि तो कोव्हेरिअन्स इथे उणे असतो. हाताने करू नका. कल्याणीनगर रेफरन्स करा, मॉडेल परत चालवा, क्षेत्रफळाच्या ओळीत ४० आणि त्याची बरोबर स्टँडर्ड एरर आयती मिळते. मी अजूनही हेच करते.

आठवी: "इथे स्टार आहे, तिथे नाही" यावरून फरक सिद्ध होत नाही

हे मी ठासून सांगते कारण यावर मुलांचे अख्खे निष्कर्ष उभे असतात. डेटा तोडून प्रत्येक भागाचं वेगळं रिग्रेशन करतात, कल्याणीनगरमध्ये पी ०.०३, कोथरूडमध्ये ०.०९, आणि लिहितात की क्षेत्रफळाचा परिणाम कल्याणीनगरमध्ये होतो, कोथरूडमध्ये होत नाही. तिथे कदाचित फक्त फ्लॅट कमी होते. एक सिग्निफिकंट आणि दुसरा नाही यांच्यातला फरक स्वतः सिग्निफिकंट असेलच असं नाही, यावर गेलमन आणि स्टर्न यांनी २००६ मध्ये एक छोटासा लेखच लिहिला होता. फरक आहे म्हणायचं तर फरकाचीच टेस्ट हवी, ती म्हणजे एकत्र मॉडेलमधली इंटरॅक्शनची ओळ.

आणि गट तीन किंवा जास्त असले तर ओळी एकेक करून बघायच्या नाहीत. त्या सगळ्या रेफरन्सशी तुलना आहेत, रेफरन्स बदलला की स्टार बदलतात. इंटरॅक्शन नसलेलं मॉडेल आणि असलेलं मॉडेल, दोन्ही चालवा आणि अनोवाने एफ टेस्ट (दोन मॉडेलची एकदम तुलना) करा, तीन भाग असतील तर दोन डिग्री ऑफ फ्रीडम. ही टेस्ट रेफरन्सवर अवलंबून नसते. ती सिग्निफिकंट आली तरच ओळींच्या तपशिलात जा.

इंटरॅक्शन आलं नाही म्हणून "फरक नाही" असंही लिहू नका. दोन सारखे गट असतील तर स्लोपमधल्या फरकाची स्टँडर्ड एरर सगळ्या डेटाच्या एका स्लोपच्या दुप्पट असते, म्हणजे तेवढीच अचूकता हवी तर चौपट सॅम्पल लागतं. १२० लोकांचा सर्व्हे मुख्य परिणामाला पुरतो, इंटरॅक्शनला बऱ्याचदा नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल लिहा, तो रुंद असेल तर रुंद आहे म्हणा.

नववी: इंटरॅक्शन खरंच इंटरॅक्शन आहे का

इथे थोडं अवघड होतं. समजा हडपसरचे सगळे फ्लॅट ३५० ते ६५० फुटांचे आणि कल्याणीनगरचे ७०० ते १५००. मग दोन रेषा दोन वेगळ्या प्रदेशांतल्या आहेत, ६०० वरचा कल्याणीनगरचा आकडा हा कल्पनेतला. आणि भाडं-क्षेत्रफळाचं नातं सगळीकडे एकच पण वाकलेलं असेल, तर त्याच वक्राच्या डाव्या तुकड्यावर एक सरळ रेषा आणि उजव्या तुकड्यावर दुसरी, स्लोप वेगळे येणारच, भागाचा काही संबंध नसताना. तपासायला क्षेत्रफळाचा वर्ग मॉडेलमध्ये घाला आणि इंटरॅक्शन टिकतं का बघा. टिकलं नाही तर भागाबद्दल लिहायच्या आधी परत विचार करा. दोन्ही भागांची क्षेत्रफळं जिथे एकमेकांवर येतात तेवढाच डेटा घेऊनही एकदा बघा.

दुसरं, मोजपट्टी. एका भागात भाडं दुसऱ्याच्या नेहमी दीडपट असेल, इथे १०,००० तिथे १५,०००, इथे २०,००० तिथे ३०,०००, तर रुपयांत फरक ५००० वरून १०,००० झाला, म्हणजे इंटरॅक्शन आहे. लॉग घेतला तर दीडपट ही दीडपटच, रेषा समांतर, इंटरॅक्शन नाही. दोन्ही खरं आहे. तुमचा प्रश्न रुपयांचा आहे का टक्क्यांचा हे तुम्ही ठरवायचं, आणि डेटा बघायच्या आधी ठरवायचं, ज्यात स्टार येतो ते निवडायचं नाही.

कुठे थांबायचं

इथपर्यंतचं सगळं एका शनिवारी घरी बसून होतं. पुढच्या गोष्टी मी स्वतःही एकटीने करत नाही, संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाकडे पाठवते.

उत्तर हो-नाही असेल, म्हणजे लॉजिस्टिक रिग्रेशन. तिथे इंटरॅक्शनचा कोएफिशियंट लॉग ऑड्समध्ये (हो आणि नाही यांच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉग) असतो, आणि शक्यतांमध्ये बघितलं तर परिणाम वेगळा, कधी उलट्या चिन्हाचाही निघू शकतो. आय आणि नॉर्टन यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं, त्याआधी छापलेल्या कितीतरी पेपरांत ते चुकीचं वाचलं गेलं होतं. एकाच शाळेतली अनेक मुलं, एकाच सोसायटीतले अनेक फ्लॅट, एकाच पेशंटचं दर महिन्याचं मोजमाप, असा डेटा असेल तरी थांबा, तिथे ओळी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, साध्या रिग्रेशनची स्टँडर्ड एरर खोटी पडते आणि मिक्स्ड मॉडेल (एकाच गटातल्या ओळींचं नातं धरणारं) लागतं. तीन व्हेरिएबलचं इंटरॅक्शन असेल, किंवा आरमध्ये टाइप थ्री अनोवा काढताय आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे काय हे माहीत नाही, तरीही. पंधरा इंटरॅक्शन करून बघितली आणि त्यातलं एक आलं तर ते लपवू नका, जाऊन सांगा, त्यावर मार्ग असतो. आणि निकालावरून कोणाला औषध किती द्यायचं, कोणाला कर्ज द्यायचं असे निर्णय होणार असतील तर पहिल्याच दिवशी जा, माझ्यासारखीकडे येऊ नका.

जायचं कुठे, तर आधी आपल्याच कॉलेजचा संख्याशास्त्र विभाग. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात नाही, प्रश्नावली वाटायच्या आधी जा, कारण सॅम्पल कमी पडलं असेल तर नंतर कोणीच काही करू शकत नाही. जाताना कच्चा डेटा, प्रश्नावलीची एक प्रत, तो रंगीत ग्राफ आणि तुमचा प्रश्न मराठीत एका वाक्यात लिहून न्या: "क्षेत्रफळ वाढलं की भाडं कल्याणीनगरमध्ये हडपसरपेक्षा जास्त वेगाने वाढतं का." आउटपुटची नुसती प्रिंट काढून नेऊ नका, फाइल न्या. समोरचा माणूस पहिल्या दोन मिनिटांत रेफरन्स बदलून बघणार, आणि कागदावर तो बदलता येत नाही.